पाटीवर पंचवीस

मारेगाव ओलांडलं की डाव्या हाताला जिनिंग.
यंदा तिथं नवा पॅनल बसला,
राखाडी, माणसाहून हातभर उंच.
दारावर पाटी, चार रिबिटांनी ठोकलेली:
चारशे पंधरा व्होल्ट.
शॉर्ट सर्किट पंचवीस हजार अँपिअर, एक सेकंद.
दसऱ्याला देवतळे मॅनेजरनी तिला कुंकू लावलं,
थोडं पंचवीसवर सांडलं.

मी दार उघडलं दिवाळी झाल्यावर,
एक जोड गरम होतो म्हणून.
आत तांब्याचे बसबार, नवेकोरे,
सगळे ब्रेकर पंचवीसचे,
आणि खालच्या कोपऱ्यात, सरकीच्या एलेव्हेटरला,
एक जुना, कडा पिवळ्या पडलेला.
याला मी ओळखतो.
नऊ वर्षं याच्या अंगावरची रुई मीच पुसली.
पोटावर बारीक अक्षरात: दहा हजार.

बॅटरी दातात धरून दोनदा वाचलं.

तो खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगतो.
तेव्हाचा ट्रान्सफॉर्मर दोनशेचा.
तारा एकमेकींना चिकटल्या तरी
सहा-सात हजारांवर पूर चढायचा नाही,
दहाचा बांध पुरायचा.
मग क्रेन आली, नारळ फुटला,
चौथऱ्यावर पाचशेचा बसला.
बांध होता तेवढाच राहिला. नदी मोठी झाली.
आता चिकटल्या तर तेरा.
मोठा आधी पडून धाकट्याला वाचवतो कधी कधी,
पण तशा जोड्या कंपनीच्या तक्त्यात छापलेल्या असतात.
ह्या दोघांच्या कंपन्या वेगळ्या.
ह्यांची सोयरीक कुठंच नोंदलेली नाही.

"नऊ वर्षं चालला ना बे," देवतळे म्हणाले,
"आता काहून नाई चालणार?"
म्हटलं, साहेब, चालणं वेगळं, अडवणं वेगळं.
चालायचं रोज असतं. अडवायचं एकदाच.
"मंग पाटी पाय ना. पाटीवर पंचवीस हाये."

पाटीवाल्याने तो कप्पा रिकामा दिला होता,
त्याची पाटी खरी.
ब्रेकरच्या पोटावरचंही खरं.
दोन खरं एका दाराआड कोंडलं
की लहान तेवढंच खरं उरतं,
हे मला नीट सांगता येईना.
शेवटी म्हटलं, गाठीला आठ पट्ट्या असतात ना साहेब,
सात लोखंडाच्या ठेवा, एक सुतळीची बांधून पाहा.

तेवढं कळलं. गप्प झाले.
गाठ फुटताना त्यांनी पाहिली आहे.
"सोमवारी मागवू," म्हणाले.
तो दिवस मंगळवार होता.

पॅनलपुढची फरशी उबदार असते.
थंडीत बायका तिथंच डबे सोडतात.
मी लाल ऑइलपेंट घेतला, पाटीखाली दहा लिहिलं,
खाली माझं नाव, उमेश डंभारे, आणि तारीख.
इंदू आत्राम भाकर मोडता मोडता म्हणाली,
"पंचवीसपैकी दहा? काठावर पास हाये ना भाऊ मंग."
सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं.
म्हटलं, बाई, इथं काठावर पास नसते.
तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं,
भाकर फडक्यात बांधली, उठली.
एकेक करून बाकीच्याही उठल्या,
थंड भिंतीला जाऊन बसल्या.

मग मी एलेव्हेटरचा खटका पाडला,
माझं घरचं कुलूप लावलं.

सोमवार गेला. मग तोही गुरुवार गेला.
सरकी खाली साचते, ती वर न्यावीच लागते.
टोपल्या निघाल्या. डोक्यावर कुणी घेतल्या,
सांगायला नको.
पायऱ्यांवर इंदू भेटली, चुंबळ सारखी करत:
"दहा तुह्या पॅनलचे," म्हणाली,
"मान आमची."

काय बोलणार.
किल्ली खिशात होती.
मी तिच्याहातची टोपली धरली,
एक खेप वर नेली,
आणि खाली येऊन
कुलूप ओढून पाहिलं.